मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्या गायब होतात: ऑफलाइन वेळापत्रक ॲपमधला पुन्हा पुन्हा येणारा दोष

लक्षण असं असतं. दिवसभर ॲप बरोबर चालतं. रात्रीचे बारा वाजून गेले की थांब्याच्या यादीतून शेवटच्या दोन-तीन गाड्या नाहीशा होतात, नाहीतर त्या रात्री नसलेली गाडी दिसू लागते. सकाळी पुन्हा सगळं ठीक. तक्रार आली की कोणीतरी कार्यालयाच्या वेळेत तपासतं, काही सापडत नाही आणि तक्रार बंद होते. पुढच्या शनिवारी रात्री तीच तक्रार परत येते.

सर्व्हरवर चालणाऱ्या ॲपमध्ये अशी चूक एका जागी दुरुस्त करता येते. ऑफलाइन ॲपमध्ये मात्र ‘आत्ता कोणत्या दिवसाचं वेळापत्रक चालू आहे’ हे प्रत्येक फोन स्वतःच ठरवतो. घड्याळ फोनचं, भाषा फोनची, टाइमझोन फोनचा. आणि थांब्यावर रात्री सव्वाबाराला उभ्या असलेल्या माणसाजवळ खात्री करून घ्यायला दुसरं काहीच नसतं. नवीन नकाशे आणि रंगसंगतीच्या आधी हा दोष निपटला पाहिजे.

पुढचं सगळं जीटीएफएस (वाहतूक संस्था वेळापत्रक ज्यात देतात ते प्रमाण स्वरूप) स्वरूपातली झिप फाइल, म्हणजे ‘फीड’, आणि फोनवर एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा) डेटाबेस, ही जोडी धरून लिहिलं आहे. डेटा दुसऱ्या स्वरूपात येत असला तरी कारणं बहुतेक हीच निघतात.

ओळ हरवली आहे, की आहे पण सापडत नाही?

क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला, हात लावण्याआधी हे ठरवा, नाहीतर भलत्याच ठिकाणी वेळ जातो. झिपमधल्या स्टॉप_टाइम्स फाइलमध्ये (कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता, याची यादी) ज्या ओळींच्या सुटण्याच्या वेळेचा तास २४ किंवा त्याहून मोठा आहे, त्या मोजा. मग तयार झालेल्या डेटाबेसमध्ये ८६,४०० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ असलेल्या ओळी मोजा. दोन्ही आकडे एकच यायला हवेत.

फाइलमध्ये अशा ओळी आहेत आणि डेटाबेसमध्ये शून्य आल्या, तर दोष आयात करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे. जीटीएफएसमध्ये २४:२५:०० किंवा २५:०५:०० ही पूर्णपणे वैध वेळ आहे, पण बहुतेक भाषांमधली वेळ वाचणारी तयार फंक्शन्स तास ० ते २३ एवढाच मानतात. पायथनचं एसटीआरपीटाइम आणि जावाचं लोकलटाइम अशा वेळेवर एरर देतात. स्क्रिप्टमध्ये ‘एरर आली तर ओळ सोड आणि पुढे चल’ असं लिहिलेलं असलं, तर शेवटच्या फेऱ्या तिथेच गळतात आणि कुठेही आवाज होत नाही. जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट याहून धोक्याचं. ते मूळातच सैल असल्याने २४:२५ चे गुपचूप दुसऱ्या दिवशीचे ००:२५ करून टाकतं. ओळींची बेरीज बरोबर येते, वेळ मात्र चुकलेली असते.

उपाय सोपा आहे. वेळ वाचायला कुठलंही तयार फंक्शन वापरू नका. मजकूर कोलनवर तोडा, तास गुणिले ३,६००, मिनिटं गुणिले ६०, अधिक सेकंद, आणि तो पूर्णांक साठवा. तोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा काढा, कारण काही फीडमध्ये एक अंकी तासाच्या आधी स्पेस असते. वेळ मजकूर म्हणून ठेवली तर आणखी एक खोड निघते: जीटीएफएसला एक अंकी तास चालतो, आणि मजकुराच्या क्रमवारीत ९:०५:०० हे १०:००:०० च्या नंतर लागतं.

सुटण्याची वेळ रिकामी असेल तर तिथे शून्य भरू नका. मधल्या थांब्यांची वेळ न देण्याची मुभा फीडला आहे. बंधन पहिल्या आणि शेवटच्या थांब्यावर आहे, आणि टाइमपॉइंट कॉलममध्ये १ (नेमकी वेळ) लिहिलेल्या थांब्यांवर. रिकाम्याचं शून्य झालं की त्या थांब्यावर बरोबर ००:०० वाजता फेऱ्यांचा ढीग दिसतो. आयात करतानाच मागच्या-पुढच्या वेळांवरून मधली वेळ काढा, अंतराची माहिती असल्यास अंतराच्या प्रमाणात, नसल्यास थांब्यांच्या संख्येने समान वाटून, आणि ती अंदाजे असल्याची खूण वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. यादीत अशा वेळेपुढे ‘सुमारे’ लिहिलं की काम झालं.

००:०० च्या भुताटकीचं आणखी एक उगमस्थान म्हणजे फ्रीक्वेन्सीज फाइल. तिच्यात ज्या फेऱ्या ‘दर इतक्या सेकंदांनी’ दिलेल्या असतात, त्यांच्या स्टॉप_टाइम्समधल्या ओळी नुसता नमुना असतात आणि बऱ्याचदा ००:०० पासून सुरू होतात. ही फाइल वाचली नाही तर दिवसभरातल्या शंभर गाड्यांऐवजी मध्यरात्रीची एकच दिसते. तिच्यातला एक्झॅक्ट_टाइम्स (वेळा नेमक्या आहेत का) हा कॉलम १ असेल तर आयात करताना सगळ्या फेऱ्या उलगडून ठेवा. ० किंवा रिकामं असेल तर नेमकी मिनिटं दाखवू नका, ‘दर १० मिनिटांनी’ असंच दाखवा.

खरं मूळ: सेवा-दिवस आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आकडे जुळले आणि तरी गाडी दिसत नाही, तर दोष इथे आहे. सेवा-दिवस म्हणजे फेरी ज्या दिवसाच्या वेळापत्रकात लिहिली आहे तो दिवस; मध्यरात्र उलटली तरी फेरी त्याच दिवसाची राहते. एक फेरी घेऊ. ती फक्त शनिवारी धावते. पहिल्या थांब्यावरून २३:४०:०० ला सुटते, आपल्या थांब्यावर २४:२५:०० ला येते, शेवटच्या थांब्यावर २५:०५:०० ला पोचते. सेकंदांत ८५,२००, ८७,९०० आणि ९०,३००.

प्रवासी ॲप उघडतो तेव्हा फोनवर रविवार, ००:१५ आहे. ॲप विचारतं: रविवारी चालणाऱ्या सेवांपैकी (सेवा म्हणजे ठरावीक दिवशी धावणाऱ्या फेऱ्यांचा गट) ९०० सेकंदांनंतरच्या फेऱ्या द्या. आपली फेरी रविवारची नाहीच, ती शनिवारच्या खात्यात आहे. उत्तर येतं पहाटे पाचच्या पहिल्या गाडीचं. गाडी मात्र दहा मिनिटांनी थांब्यावर येणार आहे.

यावर पहिल्यांदा जो उपाय सुचतो तो चुकीचा आहे: वेळेला ८६,४०० ने भागून बाकी ठेवणं. तसं केलं की २४:२५ चे ००:२५ होतात, पण सेवा शनिवारचीच राहते. आता ही फेरी शनिवारी ००:२५ ला, म्हणजे शुक्रवार संपून शनिवार लागतो त्या रात्री दिसते. पूर्ण चोवीस तास आधी. रोज धावणाऱ्या फेरीत ही चूक झाकली जाते, कारण रोजच ००:२५ ला एक गाडी असतेच. फक्त शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या रात्री धावणाऱ्या फेरीत ती उघडी पडते. ‘शनिवारी रात्रीच तक्रार येते’ याचं कारण हेच.

दुसरा चुकीचा उपाय म्हणजे ‘पहाटे तीनपर्यंत कालचाच दिवस धरा’. त्याने शनिवारची फेरी सापडते, पण रविवारच्या खात्यात ००:३० ला सुरू होणारी रात्रसेवा गायब होते. काही वाहतूक संस्था रात्रीच्या फेऱ्या आदल्या दिवसाच्या पोटात २४ च्या पुढे लिहितात, काही नव्या दिवसात ०० पासून लिहितात, आणि एकाच फीडमध्ये दोन्ही पद्धती सापडतात. म्हणून कोणतीही ठरावीक कट-ऑफ वेळ टिकत नाही.

बरोबर पद्धत अशी:

१. आयात करताना सगळ्या फीडमधली सर्वांत मोठी वेळ काढा आणि ८६,४०० ने भागून येणारा पूर्णांक मेटा टेबलमध्ये (फीडबद्दलची माहिती ठेवायचं टेबल) ठेवा. कमाल वेळ ९०,३०० असेल तर १. लांब पल्ल्याच्या फीडमध्ये ५२:१०:०० असली वेळही असते, म्हणजे १,८७,८०० सेकंद, तिथे २. इतके दिवस मागे पाहायचं.

२. आजच्या सेवा-दिवसासाठी ‘आत्ता’ म्हणजे ९०० सेकंद. कालच्या सेवा-दिवसासाठी तोच क्षण म्हणजे ९०० + ८६,४०० = ८७,३००. परवाच्यासाठी आणखी ८६,४०० मिळवा.

३. प्रत्येक सेवा-दिवसासाठी तीच क्वेरी चालवा: त्या दिवशी चालू असलेल्या सेवा, हा थांबा, आणि वेळ त्या दिवसाच्या ‘आत्ता’पेक्षा जास्त किंवा तितकीच.

४. सगळे निकाल एकत्र करताना वेळेचं खऱ्या क्षणात रूपांतर करा, म्हणजे युनिक्स सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद), आणि त्यावर क्रम लावा. साठवलेल्या सेकंदांवर क्रम लावला तर कालची ८७,९०० ही आजच्या १८,००० च्या खाली जाऊन बसते आणि पहिल्या पाच ओळींत येतच नाही.

वरच्या उदाहरणात ८७,९०० वजा ८७,३०० म्हणजे ६०० सेकंद. ‘१० मिनिटांत’. बरोबर.

रात्री उशिराही यादी भरलेली हवी असेल तर उद्याचा सेवा-दिवसही जोडा. रात्री २३:५० ला उद्याच्या ००:३० ची रात्रसेवा ‘४० मिनिटांत’ म्हणून दिसली पाहिजे. तारीख बदलते म्हणून ती लपवण्याचं काही कारण नाही.

सेवा-दिवसाचा शून्य कुठे?

चौथ्या पायरीत एक बारकावा आहे. जीटीएफएसमध्ये वेळ मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, ‘त्या दिवसाचे दुपारचे बारा, वजा १२ तास’ इथून मोजतात. एरवी दोन्ही एकच. पण जिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे करतात तिथे त्या दोन दिवशी फरक पडतो. घड्याळ एक तास पुढे जातं त्या दिवशी हा शून्य आदल्या रात्री २३:०० ला पडतो, मागे येतं त्या दिवशी ०१:०० ला. मध्यरात्रीत सेकंद मिळवत गेलात तर त्या दिवशी सकाळी आठची गाडी नऊला किंवा सातला दिसते. म्हणून आधी दुपारचे बारा काढा, ४३,२०० सेकंद वजा करा, मग फेरीची वेळ मिळवा. दुसऱ्या पायरीतला ‘आत्ता’ही याच शून्यापासून मोजला की ८६,४०० मिळवण्याची गरजच राहत नाही आणि त्या दोन रात्रीही बरोबर येतात. तुमच्या शहरात घड्याळ कधीच बदलत नसलं तरी हे असंच लिहा. एका ओळीचं काम आहे.

टाइमझोन फोनचा घ्यायचा नाही, फीडमधल्या एजन्सी (वाहतूक संस्था) फाइलमधला घ्यायचा. प्रवासाला निघालेला माणूस पोचण्याआधीच घरून वेळापत्रक पाहतो, तेव्हा त्याचा फोन वेगळ्या टाइमझोनमध्ये असतो. थांब्याला स्वतंत्र टाइमझोन दिलेला असला तरी स्टॉप_टाइम्समधल्या वेळा एजन्सीच्याच टाइमझोनमध्ये असतात. थांब्याचा टाइमझोन फक्त दाखवण्यापुरता.

मराठी फोनवरच सगळं रिकामं दिसतं

ही तक्रार वेगळी वाटते, पण ‘गाड्या गायब’ याच नावाने येते, म्हणून इथेच. फोनची भाषा इंग्रजी किंवा हिंदी असताना ॲप चालतं, मराठी केली की एकही फेरी दिसत नाही.

अँड्रॉइडवर आकडे आणि तारखा मजकुरात बदलणारे स्ट्रिंग.फॉरमॅट आणि सिंपलडेटफॉरमॅट, लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) न सांगता वापरले तर फोनचं लोकेल घेतात. मराठी लोकेलमध्ये आकडे मूळातच देवनागरी आहेत, नेपाळीतही. हिंदीत मात्र इंग्रजी आकडे आहेत, म्हणून हिंदीवर तपासून हा दोष सापडत नाही. आजची तारीख देवनागरी आकड्यांत तयार होते आणि डेटाबेसमधल्या इंग्रजी आकड्यांशी तिची तुलना होते. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटच्या रूपात साठवण्याची पद्धत) देवनागरी अक्षराचा पहिला बाइट कोणत्याही इंग्रजी आकड्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे ‘सुरुवातीची तारीख आजच्या आधीची’ ही अट नेहमी खरी ठरते आणि ‘शेवटची तारीख आजच्या नंतरची’ ही अट कधीच खरी होत नाही. निकाल शून्य ओळी, एरर नाही, क्रॅश नाही. कॉलम पूर्णांक केला तरी सुटका नाही: एसक्यूलाइट त्या मजकुराला आकडा मानत नाही, आणि त्याच्या नियमाने कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा असतो.

डेटाबेसकडे जाणाऱ्या प्रत्येक तारखेला लोकेल.रूट सांगा; त्याहून चांगलं म्हणजे वर्ष × १०,००० + महिना × १०० + दिवस असा पूर्णांक बनवून तोच क्वेरीला द्या, मजकुराचा संबंधच नको. आयफोनवर ठरावीक साच्याच्या तारखेसाठी डेटफॉर्मॅटरला ‘ईएन_यूएस_पॉसिक्स’ लोकेल द्या. नाहीतर बौद्ध दिनदर्शिका लावलेल्या फोनवर २०२५ च्या जागी २५६८ येतं. पडद्यावर दाखवताना मात्र वापरणाऱ्याच्या भाषेतले आकडेच दाखवा. तिथे देवनागरी आकडे हवेतच. फक्त डेटाबेसच्या दारात नकोत.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत हेच झालं तर तारखेचा साचा पाहा. कॅपिटल वाय चार वेळा लिहिला तर ते आठवड्याचं वर्ष (तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते) होतं, आणि ३०-३१ डिसेंबरला पुढचं वर्ष मिळू शकतं. स्मॉल वाय हवा.

सुट्ट्या आणि अपवाद

कॅलेंडर फाइलमध्ये आठवड्याचा साचा, कॅलेंडर_डेट्समध्ये अपवाद: १ म्हणजे त्या दिवशी सेवा जोडली, २ म्हणजे काढली. नेहमीची चूक म्हणजे दोन टेबलांचा सरळ इनर जॉइन, म्हणजे दोन्हींत असलेल्याच सेवा ठेवणारी जोडणी. काही फीडमध्ये कॅलेंडर फाइल नसतेच, सगळ्या तारखा अपवादांतच दिलेल्या असतात. काही सेवा फक्त जादा दिवसासाठी असतात. त्या सगळ्या जॉइनमध्ये गळतात. शेवटची तारीख सेवेत धरलेली असते, तिथे ‘पेक्षा कमी’ लिहिलं तर शेवटचा दिवस जातो.

हे सगळं फोनवर करूच नका, असं स्पष्ट मत आहे. आयात करतानाच तारीख आणि सेवा अशा दोन कॉलमांचं टेबल भरून ठेवा. ९० दिवस आणि ६० सेवा असतील तर फार तर ५,४०० ओळी. आकारात फरक पडत नाही. वारांची भानगडही मिटते: जावाच्या जुन्या कॅलेंडरमध्ये रविवार १, नव्या लायब्ररीत सोमवार १ आणि रविवार ७, जावास्क्रिप्टमध्ये आणि एसक्यूलाइटमध्ये रविवार ०. यातला एक आकडा चुकला की शनिवारचं वेळापत्रक रविवारी दिसतं, आणि मग मध्यरात्रीचा दोष शोधणाऱ्याची दिशाभूल होते.

टेबलमध्ये आजची एकही ओळ नसेल, तर त्याचे दोन अर्थ असतात आणि ते वेगळे दाखवायला हवेत. तारीख फीडच्या मुदतीत असेल तर ‘आज या थांब्यावर गाडी नाही’. मुदत संपली असेल तर ‘हे वेळापत्रक अमुक तारखेपर्यंतचंच आहे’. दोन्हींसाठी एकच कोरी यादी दाखवणं म्हणजे चालू असलेली गाडी बंद आहे असं सांगणं. मुदत संपायच्या सात दिवस आधीपासून वर एक बारीक पट्टी दाखवा.

नवं वेळापत्रक घातलं तरी जुनंच दिसतं

अँड्रॉइडच्या रूम या डेटाबेस लायब्ररीचं क्रिएटफ्रॉमॲसेट ॲपसोबतची डेटाबेस फाइल पहिल्यांदाच उतरवतं. फोनवर फाइल आधीच असेल तर ॲप अपडेट होऊनही ती तशीच राहते. आवृत्ती क्रमांक वाढवून जुनी फाइल टाकून देण्याची मुभा दिली तरच नवी येते. त्या झटक्यात वापरणाऱ्याचे आवडते थांबेही पुसले जातात, म्हणून ते पहिल्यापासून वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवा. सोबत थांब्याचं नाव आणि अक्षांश-रेखांशही साठवा, कारण नव्या फीडमध्ये थांब्याचे आयडी बदलू शकतात.

नेटवरून फाइल उतरवत असाल तर चालू फाइलवर कधीच लिहू नका. आवृत्तीचं नाव असलेल्या नव्या फाइलमध्ये उतरवा, शा-२५६ (फाइलचा ठसा) जुळवा, उघडून प्राग्मा क्विक_चेक (डेटाबेसची झटपट तपासणी) चालवा, आणि सगळं ठीक असेल तेव्हाच सेटिंगमधलं चालू फाइलचं नाव बदला. जुनी फाइल पुढच्या वेळी ॲप सुरू होताना काढा. त्याच नावावर नवी फाइल ठेवली आणि शेजारी जुनी वॉल फाइल (मुख्य फाइलमध्ये अजून न गेलेले बदल ठेवणारी) राहिली, तर एसक्यूलाइट जुने बदल नव्या फाइलवर चढवून डेटाबेस बिघडवू शकतं. तयार डेटाबेस पाठवतानाच जर्नल मोड डिलीट ठेवलेला बरा, म्हणजे वॉल फाइल बनतच नाही.

आयफोनवर ही फाइल कॅशेस फोल्डरमध्ये ठेवू नका. जागा कमी पडली की सिस्टम ती उडवते, आणि नेट नसताना ॲप रिकामं उघडतं. ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये ठेवा आणि बॅकअपमधून वगळा. अँड्रॉइडवर बॅकअपची मर्यादा प्रत्येक ॲपला २५ एमबी आहे. वेळापत्रकाने ती ओलांडली तर आवडते थांबेही बॅकअपमध्ये जात नाहीत. ओलांडली नाही तर नव्या फोनवर कित्येक महिन्यांपूर्वीचं वेळापत्रक परत येतं. वेळापत्रकाची जागा नो-बॅकअप फोल्डरमध्ये.

दाखवायचं कसं

पुढच्या गाड्यांची यादी घड्याळाप्रमाणे: २४:२५ ला ००:२५ असं लिहा, क्रम खऱ्या क्षणाचा. पूर्ण दिवसाचं छापील धाटणीचं वेळापत्रक मात्र सेवा-दिवसाप्रमाणे: शनिवारच्या पानावर २३:५० च्या खाली ००:२५, आणि त्याच्यापुढे ‘रात्री बारानंतर’. ही ओळ पानाच्या वर नेली तर वाचणारा ती शुक्रवारी रात्रीची समजतो आणि चोवीस तास आधी थांब्यावर जातो.

तपासणी

फोनचं घड्याळ हाताने बदलून तपासू नका. कोडमध्ये ‘आत्ता’ बाहेरून देता आला पाहिजे. सिस्टमचं घड्याळ थेट विचारणारी एकही ओळ क्वेरीच्या आसपास नको. मग शनिवार २३:५०, रविवार ००:१५, रविवार २३:५०, सोमवार ००:१५, सुट्टीच्या आदल्या रात्रीचे ००:१५, ३१ डिसेंबर, फीडचा शेवटचा दिवस आणि त्याच्या नंतरच्या रात्रीचे ००:१५ हे क्षण द्या. शेवटचा क्षण बहुतेक जण विसरतात: मुदत संपलेली असते, पण आदल्या सेवा-दिवसाची गाडी अजून रस्त्यावर असते, आणि ती यादीत दिसायलाच हवी. म्हणजे ‘मुदत संपली’ हा संदेश मागच्या सेवा-दिवसाच्या फेऱ्या पाहून झाल्यावरच दाखवायचा. हाच संच फोनची भाषा मराठी ठेवून आणि टाइमझोन दुसरा ठेवून पुन्हा चालवा, आणि नवं फीड आयात केल्यावर २४ तासांपुढच्या ओळींची मोजणी (अंदाजे भरलेल्या आणि फ्रीक्वेन्सीजमधून उलगडलेल्या ओळी वगळून) दर वेळी स्क्रिप्टलाच करायला लावा. आकडे जुळले नाहीत तर बिल्ड, म्हणजे ॲप तयार करण्याची प्रक्रिया, तिथेच थांबली पाहिजे.